बरणीतील परी आणि रानातील काजवा

मे महिन्याचा उत्तरार्ध लागला, वळवाचे दोनचार पाऊस पडून गेले आणि हवेत ओल आली, की चंदगड तालुक्याच्या पश्चिमेकडील रानांत काजवे दिसू लागतात. हेरे, पारगड, तिलारीनगर या घाटमाथ्याच्या बाजूस दिवेलागणीनंतर एखादे झाड ठिपक्याठिपक्यांनी उजळते, विझते आणि पुन्हा उजळते. शाळेला त्या दिवसांत सुटी असते. मुले मोकळी असतात आणि रिकामी बाटली घरात कोठेतरी सापडतेच. दहावीस काजवे धरून बाटलीत भरावयाचे, वर बूच लावावयाचे आणि ती उशाशी ठेवून झोपी जावयाचे, हा खेळ मुलांना कोणी शिकवावा लागत नाही. सकाळी बाटलीच्या तळाशी काळपट तपकिरी किड्यांचा लहानसा ढीग असतो. त्यांतील काही मेलेले असतात, काही कसेबसे पाय हलवीत असतात. मूल बाटली परड्यात रिकामी करते आणि रात्री पुन्हा भरावयास निघते.

या खेळाच्या मुळाशी क्रौर्य नाही, कुतूहल आहे. आणि कुतूहल हे शिक्षकाच्या हातातील सर्वांत मोठे भांडवल होय. ‘काजवे धरू नका’ एवढे सांगून हा खेळ थांबत नाही. तो शिक्षकाच्या दृष्टीआड चालू राहतो, इतकेच. मुलाला हवी असते ती अंधारात उजळणारी बरणी. ती त्याला त्याच्याच हातांनी करावयास शिकविली, तर काजवा रानात राहतो आणि कुतूहल शाळेत येते. हा पाठ त्यासाठी आहे. तो उन्हाळी सुटी लागण्यापूर्वीच्या आठवड्यात घ्यावा, म्हणजे काजव्यांच्या दिवसांत मुलाच्या घरी बरणी तयार असेल.

बरणीची मूळ कल्पना

काचेच्या बरणीत मंद दिवा, भोवती झिरझिरीत कागद आणि त्यावर पंख असलेल्या लहानशा आकृतीची छाया, अशा शोभेच्या वस्तूस ‘परीची बरणी’ म्हणतात. पाश्चात्त्य देशांत ही वस्तू लोकप्रिय आहे. बागेतील परी पकडून बरणीत ठेवली आहे, अशी लटकी समजूत तिच्यामागे असते. ‘परी’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. परंतु कल्पना आपणांस परकी नाही. यक्ष, गंधर्व, अप्सरा, वनदेवता हे सर्व त्याच कुळातील. चंदगड तालुक्यात तर गंधर्वगड नावाचा किल्लाच आहे. मुलांनी परीऐवजी गंधर्व काढला, पंखांचा घोडा काढला किंवा आपल्या धाकट्या बहिणीला पंख लावले, तरी चालेल. मात्र गावात ज्यांची पूजा होते त्या आसरा किंवा ग्रामदेवता यांची आकृती बरणीत घालू नये. कोणाच्या श्रद्धेस धक्का लागेल असे काही शाळेतून घरी जाऊ नये.

एक गोष्ट आरंभीच ठरवून घ्यावी. बरणीत खरी परी आहे, असे मुलांना सांगू नये. १९१७ मध्ये इंग्लंडातील कॉटिंग्ले या खेड्यात एल्सी राइट व फ्रान्सिस ग्रिफिथ्स या दोन मावस बहिणींनी पऱ्यांची चित्रे कागदावर काढून कापली, टोपीच्या टाचण्यांनी ती गवतात उभी केली आणि त्यांच्यासमवेत छायाचित्रे काढली. एल्सी तेव्हा सोळा वर्षांची व फ्रान्सिस नऊ वर्षांची होती. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी ती छायाचित्रे खरी मानून १९२० मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. मोठी माणसे फसली, आणि मग खरे सांगणे मुलींना अवघड झाले. आकृत्या कागदाच्या होत्या हे त्यांनी कबूल केले ते १९८३ मध्ये, म्हणजे सहासष्ट वर्षांनी. कागदाची परी करण्यात दोष मुळीच नव्हता. ती खरी म्हणून पुढे केली गेली आणि तसेच राहून गेले, हे अवघड झाले. ज्या मुलाने कात्रीने परी स्वतः कापली, त्याला ती कागदाची आहे हे ठाऊक असते आणि तरीही दिवा लागताच ते हरखून जाते. हा आनंद निर्मळ आहे. त्यात असत्याची भर घालण्याचे कारण नाही.

काजव्याविषयी थोडेसे

बरणीच्या कामास हात घालण्यापूर्वी वर्गात काजव्याची माहिती सांगावी. काजवा ही माशी नव्हे. तो भुंगेऱ्यांच्या वर्गातील कीटक आहे. मादी ओलसर मातीत किंवा पालापाचोळ्यात अंडी घालते. त्यांतून निघणाऱ्या अळ्या कित्येक महिने जमिनीवर, पाचोळ्याखाली राहतात. गोगलगाई, गांडुळे यांसारखे मऊ शरीराचे जीव हे त्यांचे अन्न. अळी आपल्याहून मोठ्या गोगलगाईस चावून बधिर करते व मग खाते. कोवळी रोपे कुरतडणाऱ्या गोगलगाईंनी शेतकरी हैराण होतो. त्या दृष्टीने काजव्याची अळी त्याची सोबतीणच म्हणावयाची.

पंख फुटलेला, उडणारा काजवा हा या दीर्घ आयुष्याचा शेवटचा अंक होय. तो काही थोड्या आठवड्यांचाच असतो. पुष्कळ जातींचे प्रौढ काजवे या काळात जवळजवळ काही खात नाहीत. जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे एवढेच काम उरलेले असते. लुकलुकणे ही त्यांची भाषा आहे. नर उडत उडत ठरावीक तालाने प्रकाश दाखवितो. गवतात किंवा पानावर बसलेली मादी आपल्या प्रकाशाने त्यास उत्तर देते. काही जातींत मादीला उडताच येत नाही. बाटलीत कोंडलेला काजवा आपल्या थोड्या रात्रींपैकी एक रात्र गमावतो, आणि पुष्कळदा उरलेल्या साऱ्याच गमावतो. बाटलीतील कोरडेपणा, उष्णता व हिसके त्यास सोसत नाहीत. मादी मेली तर तिच्या अंड्यांतून पुढे निघणाऱ्या काजव्यांची पिढीही तेथेच संपते.

त्याच्या प्रकाशाचे मर्मही मुलांना समजेल अशा शब्दांत सांगता येते. काजव्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या दुसऱ्या द्रव्याच्या साहाय्याने त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि प्रकाश निघतो. या प्रकाशाबरोबर उष्णता जवळजवळ निघत नाही, म्हणून त्यास शीत प्रकाश म्हणतात. चुलीतील निखारा, कंदिलाची ज्योत, तारेचा जुना विजेचा दिवा ही सर्व आधी तापतात व मग प्रकाश देतात. काजवा न तापता उजळतो. सह्याद्रीच्या दाट, ओल्या रानांत कुजक्या लाकडावर वाढणारी काही बुरशीही पावसाळ्याच्या रात्री अशीच मंद हिरवट उजळते. भीमाशंकरच्या व गोव्यातील म्हादईच्या रानांत ती पाहण्यात आली आहे.

साहित्य

शिकविण्याचे साहित्य गावात मिळावे, ही शिकवण महाराष्ट्रास ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी दिली. १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांसाठी काम करताना त्यांनी महागड्या साधनांऐवजी गोटे, शिंपले, पाने, बिया यांची शैक्षणिक साधने केली. परीच्या बरणीस हीच दृष्टी ठेवावी. बाजारातून सजावटीचा संच आणून ती केली, तर संच ज्याला परवडतो त्याचीच बरणी होईल.

प्रत्येक बरणीस पुढील साहित्य लागते :

१. रुंद तोंडाची, सुमारे एक लिटरची पारदर्शक बरणी. पहिली ते चौथीच्या मुलांना प्लॅस्टिकची द्यावी. काचेची बरणी पाचवीपासून पुढे आणि तीही शिक्षकांच्या देखरेखीखाली वापरावी.

२. पांढरा कोरा कागद एक. काळा कागद अर्धा. काळा कागद नसल्यास जाड वर्तमानपत्रास शाई किंवा काजळ लावून वाळवावे.

३. पिवळसर हिरव्या पतंगी कागदाचा तळहाताएवढा तुकडा.

४. खळ. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून, मंद आचेवर ढवळीत, ती झिरझिरीत दिसू लागेपर्यंत शिजवावी. कीड लागू नये म्हणून बुकबांधणीच्या खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खळीत ते कदापि घालू नये.

५. थोडे खोबरेल तेल, कापूस, जाड सुई, कात्री, दोरा.

६. तळाशी पसरण्यासाठी वाळलेले शेवाळ, भाताचा पेंढा, नाचणीचे रिकामे कणीस, सावरीचा कापूस, आणि कुंपणाच्या कडेला सापडणारा गोगलगाईचा रिकामा शंख. हा शंख अवश्य ठेवावा. काजव्याच्या अळीची गोष्ट सांगावयास तो उपयोगी पडतो.

दोन वस्तू कटाक्षाने टाळाव्यात. चंदगड हा काजूचा मुलूख असल्याने मुले शोभेसाठी काजूच्या कच्च्या बिया व टरफले आणतील. त्या टरफलात कातडी भाजणारे तेल असते. ते हातास वा डोळ्यास लागू देऊ नये. दुसरी वस्तू म्हणजे दुकानात मिळणारी चमकी. ती बहुधा प्लॅस्टिकची असते, कुजत नाही, आणि बरणी धुतली की ओढ्यात जाते. चकाकी हवीच असेल, तर जुन्या लुगड्याच्या जरीचा तुकडा पुरेसा आहे.

कृती

बरणी कोमट पाण्यात भिजवून तिच्यावरील चिठ्ठी काढावी, ती स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करावी. बरणी उभी ठेवावयाची की पालथी, हे आधीच ठरवावे. आत विजेरी सहज जात असेल तर उभी ठेवावी. तोंड लहान असेल तर बरणी विजेरीवर पालथी घालावी. अशा वेळी चित्रही त्याच बाजूने काढले पाहिजे, नाही तर परी डोक्यावर उभी राहील.

नंतर माप घ्यावे. बरणीभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजावा. बरणीचा व्यास १० सेंटिमीटर असेल, तर परीघ सुमारे ३१.४ सेंटिमीटर भरेल. पांढऱ्या कागदाची पट्टी त्याहून सुमारे तीन सेंटिमीटर लांब, म्हणजे ३४ ते ३५ सेंटिमीटर कापावी. हा जादा भाग एकावर एक येण्यासाठी असतो. कागद तेवढा लांब नसल्यास दोन तुकडे खळीने जोडावेत. पट्टीची रुंदी बरणीच्या सरळ भागाच्या उंचीइतकी ठेवावी.

आता काळ्या कागदातून दोन आकृती कापावयाच्या : एक झाड आणि एक परी. झाड मोठे, पसरट माथ्याचे असावे. जांभूळ, हिरडा, आंबा असे मुलाच्या परिचयाचे झाड त्याने आठवून काढावे. परीसाठी कागद मधोमध दुमडून घडीवर अर्धी आकृती काढावी व कापावी. घडी उलगडली की दोन्ही पंख अगदी सारखे निघतात. सममिती हा शब्द मुलांनी पुस्तकात वाचण्याआधी तो येथे कात्रीच्या टोकाशी भेटतो. बारीक बोटे, भुवया, दागिने कापण्याचा हट्ट धरू नये. छायेत केवळ बाह्यरेषा दिसते, म्हणून आकृती ठळक असावी. परीची उंची पाच सेंटिमीटरच्या आसपास पुरे.

झाडाचा कागद दुहेरी गोणपाटावर ठेवून जाड सुईने त्यास भोके पाडावीत. हे काजवे. ती ओळीने पाडू नयेत. काही जवळ, काही दूर, काही बारीक, काही किंचित मोठी अशी पाडावीत. कागद फाटू नये म्हणून दोन भोकांत निदान अर्धा सेंटिमीटर अंतर सोडावे.

पांढऱ्या पट्टीची जी बाजू बरणीला लागणार, त्या बाजूवर झाड व परी खळीने चिकटवावीत. खळ अगदी पातळ लावावी, म्हणजे भोके बुजणार नाहीत. झाडावर पतंगी कागदाचा तुकडा फक्त कडांना खळ लावून बसवावा. आतून प्रकाश आला म्हणजे तो प्रथम पतंगी कागदातून, मग सुईच्या भोकांतून आणि शेवटी पांढऱ्या कागदातून बाहेर येईल. झाडावर पिवळसर हिरवे ठिपके उमटतील आणि परी काळी दिसेल.

खळ पूर्ण वाळू द्यावी. मग पट्टीच्या बाहेरील बाजूस कापसाच्या बोळ्याने खोबरेल तेलाचा अगदी हलका हात द्यावा. एका टोकाचा तीन सेंटिमीटर भाग कोरडा ठेवावा, कारण तेलकट कागदास खळ धरीत नाही. जादा तेल फडक्याने टिपून पट्टी रात्रभर दोरीवर टांगावी. तेलाने कागद अर्धपारदर्शक होतो. कागद म्हणजे तंतूंचे जाळे. त्या तंतूंमधील फटींत हवा असते आणि तिच्यामुळे प्रकाश वाटेत विखुरतो. तेल त्या फटी भरून काढते, म्हणून प्रकाश अधिक सरळ पार होतो. वडे गुंडाळून आणलेल्या कागदावरील डाग उजेडाकडे धरला, की हीच गोष्ट दिसते. तयार बटरपेपर मिळाल्यास तेलाची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी बरणीभोवती घट्ट गुंडाळून कोरडे टोक खळीने चिकटवावे आणि वर-खाली दोऱ्याचे दोन वेढे देऊन गाठ मारावी. बरणी उभी ठेवावयाची असल्यास तळाशी शेवाळ, पेंढा, शंख मांडावेत. बरणी झाली.

दिवा आणि दक्षता

बरणीत पणती किंवा मेणबत्ती ठेवू नये. हा नियम सर्व वर्गांस सारखाच लागू आहे. बाहेर तेलकट कागद, आत पेंढा व कापूस. ठिणगी पडल्यास पेट घेण्यास वेळ लागत नाही. उष्णतेने काचही तडकते. झाकण लावल्यास ज्योत थोड्याच वेळात विझते, कारण तिला हवा लागते. हा प्रयोग दाखवावयाचा असेल, तर शिक्षकांनी स्वतः, कोरी बरणी बशीतील मेणबत्तीवर पालथी घालून, वेगळा दाखवावा. त्याच वेळी सांगावे की काजव्यालाही हवा लागते, आणि प्रकाशासाठी तर लागतेच.

दिवा म्हणून लहान विजेरी उत्तम. ती तोंड वर करून बरणीत उभी करावी व तिच्या तोंडावर पांढऱ्या कागदाचा सैल चुरगळा ठेवावा, म्हणजे झोत एका जागी न पडता चहूकडे पसरतो. सहावी-सातवीच्या मुलांना स्वतः मंडल जोडू द्यावे. दीड व्होल्टचे दोन पेन्सिल सेल एकामागे एक जोडले की तीन व्होल्ट मिळतात. पांढऱ्या एल.ई.डी. दिव्यास सुमारे तेवढेच लागतात. त्याचा लांब पाय धन टोकास व आखूड पाय ऋण टोकास जोडावा. उलट जोडल्यास तो लागत नाही, आणि का लागत नाही हा पुढचा प्रश्न होतो. बिघडलेल्या विजेरीतील दिवाही चालतो. घरातील विजेच्या प्रवाहाशी बरणीचा संबंध कोणत्याही परिस्थितीत येऊ देऊ नये.

लहान चपटे, गुंडीसारखे सेल वापरू नयेत. लहान भावंडाने असा सेल गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतही तेथील मांस जळू लागते. पेन्सिल सेल सहज गिळता येत नाही, म्हणून तोच घ्यावा. तसेच जत्रेत मिळणारी, वाकविली की उजळणारी कांडी कापून तिचा रस बरणीत ओतण्याची पद्धत काही ठिकाणी दाखविली जाते. त्या कांडीच्या पोटात पातळ काचेची नळी असते आणि तिचा रस डोळ्यांची आग करतो. ती कांडी फोडू नये.

विजेरी मिळालीच नाही, तरी पाठ अडत नाही. वर्गाचे दार लोटून बरणी खिडकीतील उजेडापुढे धरली, की परी व काजवे दोन्ही दिसतात.

‘रेडियम’ या शब्दाचा खुलासा

या पाठात मुले हमखास ‘रेडियम’ मागतात. वाहनांच्या मागे लावलेल्या, दिव्याचा झोत पडताच लखलखणाऱ्या पट्टीस बोलीत रेडियम म्हणतात. अंधारात उजळणाऱ्या चांदण्यांच्या चिकटचित्रांसही तोच शब्द वापरतात. या दोहोंत रेडियम नाही. मेरी व पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधलेले रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते घातलेला रंग घड्याळांच्या तबकड्यांना लावीत. अमेरिकेतील कारखान्यांत १९१७ पासून हे काम करणाऱ्या तरुणी कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करीत; रेडियम पोटात जाऊन त्यांच्यापैकी कित्येकींच्या जबड्यांची हाडे सडली व त्या मृत्यू पावल्या. त्यानंतर असे रंग हळूहळू बंद झाले. शब्द मात्र उरला.

मुलांसमोर चार प्रकार वेगळे करून मांडावेत. वाहनावरील पट्टी आलेला प्रकाश परत पाठविते. तिचा स्वतःचा प्रकाश नसतो. चांदण्यांचे चिकटचित्र दिवसा घेतलेला प्रकाश साठवून रात्री थोडा थोडा सोडते. विजेरी सेलमधील शक्तीचा प्रकाश करते. काजवा आपल्या शरीरातील द्रव्यांचा प्रकाश करतो. पूर्ण बंद खोलीत, विजेरी न लावता, वाहनाची पट्टी दिसते का हे पाहिले म्हणजे पहिला भेद मुलांना स्वतःच कळतो.

इतर विषयांशी सांगड

कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली, तिचा आशय हातकाम व ज्ञान यांची फारकत होऊ नये असा होता. एका बरणीतून पुढीलप्रमाणे पाठ निघू शकतात.

पहिली-दुसरीच्या मुलांनी भोके मोजावीत. दहा काजव्यांचे एक झाड अशी तीन झाडे झाली तर काजवे किती, हे सांगावे. परीस नाव द्यावे व तिच्याविषयी चारपाच वाक्ये आपल्या बोलीत सांगावीत. चंदगडच्या बोलीत कोकणी व कानडीचे शब्द सहज येतात. १९५६ पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. ते शब्द अडवू नयेत, फळ्यावर लिहून घ्यावेत.

तिसरी-चौथीत पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक हे तीन शब्द बरणीवरच दाखवावेत : बरणी पारदर्शक, तेलकट पट्टी अर्धपारदर्शक, काळी परी अपारदर्शक. एक सुटी परी कापून ती दिव्याजवळ व दिव्यापासून दूर धरावी. दिव्याजवळ नेली की भिंतीवरील छाया मोठी होते व कडा पुसट होतात.

पाचवी ते सातवीत निरनिराळ्या आकारांच्या पाच बरण्यांचा व्यास व परीघ मोजून परिघास व्यासाने भागावे. उत्तर प्रत्येक वेळी तीनहून किंचित अधिक येते, हे मुलांनी स्वतः शोधावे. त्यानंतर २२/७ हा आकडा सांगितला, तर तो पाठ करावा लागत नाही.

सुटीतील काम

बरणी मुलाने घरी न्यावी आणि तिच्यासोबत एक छोटे निरीक्षण न्यावे. पहिला काजवा कोणत्या तारखेस दिसला. त्याआधी पाऊस पडला होता का. तो कोणत्या झाडावर किंवा कोणत्या ओढ्याकाठी होता. एक काजवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकला, एवढे चार रकाने वहीत आखून द्यावेत. काजवा धरून हे मोजता येत नाही. त्यासाठी स्तब्ध उभे राहावे लागते, आणि तोच या कामाचा हेतू आहे. निरीक्षणास मोठ्या माणसासोबतच जावे, पायांत वहाणा असाव्यात, कारण त्या दिवसांत विंचू-सापांचे भय असते. विजेरीवर लाल कागद बांधावा व मोजताना ती बंदच ठेवावी. प्रखर उजेडात काजव्यांना एकमेकांचे संकेत दिसत नाहीत. अकोले तालुक्यातील भंडारदरा, पुरुषवाडी या ठिकाणी काजवे पाहण्यास मोठी गर्दी लोटते; वाहनांचे दिवे आणि गवतात बसलेल्या माद्यांवर पडणारे पाय यांचा त्रास तेथे काजव्यांना होतो. ज्या गावच्या मुलाला आपल्या कुंपणापाशीच काजवा दिसतो, त्याला त्या भाग्याची किंमत कळावी.

जूनमध्ये शाळा भरली की वह्या पाहाव्यात. साऱ्या वर्गाच्या नोंदी एका मोठ्या कागदावर मांडाव्यात व तो कागद जपून ठेवावा. दरवर्षी एक कागद वाढत गेला, तर पाचसहा वर्षांत गावातील काजवे लवकर येतात की उशिरा, वाढतात की कमी होतात, हे सांगणारा आधार त्या शाळेजवळ तयार होईल.

बरण्यांचे गुणांकन करताना सुबकपणास फार महत्त्व देऊ नये. एखाद्याची परी वाकडी असेल, पट्टीला सुरकुती पडली असेल, काजवे झाडाबाहेर सांडले असतील. सुटीनंतर प्रत्येक मुलास एकच प्रश्न विचारावा : यंदा किती काजवे धरलेस? पुष्कळ मुले खाली पाहतील. सवय एका पाठाने जात नाही. परंतु ज्याने ‘एकही नाही, गुरुजी, मोजले मात्र’ असे उत्तर दिले, त्याच्यापुरता तरी हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.